गोळा न झालेल्या वह्या

मामा मुळात मदतीच्या कामासाठी नेमलेले नव्हतेच. एकोणीस वर्षं ते विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. परीक्षानळी फुटल्याचा आवाज आला की मान वर न करता ती कुणी फोडली ते सांगायचे, आणि सहसा बरोबर सांगायचे. पुढे जुनी प्रयोगशाळा पाडायचं ठरलं, नवीमध्ये जास्त शिकलेली माणसं आली, आणि मामांचं करायचं काय हा प्रश्न साहेबलोकांना पडला. नेमका त्याच सुमारास वरून हुकूम आला, की परदेशांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एक मदत कक्ष हवा. जिन्याखाली मोडक्या खुर्च्या टाकायची एक खोली होती. खुर्च्या बाहेर काढल्या, मामांना आत बसवलं, दाराला पाटी लावली. दोन अडचणी एकाच खोलीत कोंबून विद्यापीठ मोकळं झालं.

खुर्च्या सगळ्याच काही बाहेर गेल्या नाहीत. एक मामांना बसायला ठेवली होती. तिचा एक पाय आखूड होता. त्याखाली मामांनी विद्यापीठाची नियमावली घातली होती, आणि एवढ्या जाड पुस्तकाचा कुणालातरी आधार झाला हेच खूप, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

‘मामा’ हे नाव वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून आलं. तिथल्या बाई त्यांना मामा म्हणायच्या, ते ऐकून एका मुलानं म्हटलं, आणि बघता बघता जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली भाचरं त्यांच्या पदरात पडली. नावच मामा, त्यामुळे त्यांना मामा बनवायला कुणाला वेगळे कष्ट पडत नसत. एकदा एका खोलीतल्या दोन मुलांनी ‘तो घोरतो’ अशी एकमेकांविरुद्ध शब्दाला शब्द तीच तक्रार केली. मामांनी खटपट करून दोघांनाही स्वतंत्र खोल्या मिळवून दिल्या. आठवड्यानं त्यांना समजलं की दोघांपैकी कुणीच घोरत नाही. ते हसले आणि तक्रारीचा कागद फायलीला लावला.

काम म्हणाल तर सोपं आणि म्हणाल तर नाकी नऊ आणणारं. ही पोरं शाळेतून उठून थेट विमानात बसलेली. शाळेत घंटा झाली की आत जायचं, घंटा झाली की बाहेर यायचं, मधल्या वेळात कुणीतरी मोठं माणूस काय करायचं ते सांगणार. इथे घंटा नाही आणि सांगणारंही कुणी नाही. पहिल्या आठवड्यात ही मुलं वर्गात कुणीही शिरलं की ताडकन उभी राहायची, झाडूवाला शिरला तरी उभी राहायची. त्यांना खोलीची किल्ली द्यायची, डॉक्टरांकडे न्यायचं, परवाना कचेरीच्या रांगेत उभं करायचं, कपडे धुवायच्या यंत्रात पांढरा सदरा आणि लाल टॉवेल एकत्र घालू नका म्हणून सांगायचं. मामा हे सगळं मन लावून करत. स्वतःला मूल नव्हतं म्हणून करत, असं ऑफिसातले म्हणायचे. मामी म्हणायची, ‘त्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून करतात.’ मला मामीचं जास्त पटतं.

दर सोमवारी प्रत्येक परदेशी मुलानं मामांच्या खोलीत येऊन सही करायची, असा नियम होता. सही करताना मामांनी तीन प्रश्न विचारायचे आणि तीन चौकोनांत खुणा करायच्या. वर्गाला जाता का? खोली ठीक आहे का? काही अडचण? त्या वर्षी एकशे चाळीस मुलं होती. एकशे चाळीस वेळा उत्तर यायचं, हो, हो, नाही. वेगळं उत्तर आलं तर चार पानांचा दुसरा फॉर्म भरावा लागे, त्यामुळे वेगळं उत्तर न आलं तर मामांनाही वाईट वाटायचं नाही. माणूस कितीही भला असला तरी चार पानं ती चार पानंच.

त्या वर्षीच्या मुलांत एक मुलगी होती. तिच्या देशातून आलेली ती एकटीच. मामांनी तिचं नाव मनातल्या मनात ‘पहिली’ असं ठेवलं होतं, कारण अर्जात ‘स्वतःविषयी शंभर शब्दांत लिहा’ असं होतं, तिथे तिनं एकच ओळ लिहिली होती: ‘मी शाळेत दहा वर्षं पहिली आले.’ आपली भाषा ती पुस्तकातून शिकून आलेली. बोलायची ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी, प्रत्येक शब्द शेवटपर्यंत पूर्ण करून. सगळे मामा म्हणत, ती सर म्हणायची. सोमवारी सही करायला बरोबर नवाला पाच मिनिटं कमी असताना दारात उभी असायची आणि मामांनी ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही.

आता ज्या दिवशी सगळं बिघडलं तो दिवस सांगायला हवा. बिघडतंय असं त्या दिवशी कुणालाही वाटलं नव्हतं. वर्ष सुरू होण्याआधी मामा सगळ्या मुलांना मोठ्या सभागृहात बसवून माहिती सांगत. पडद्यावर बेचाळीस स्लाइड दाखवायच्या, प्रत्येकीवर दोन मिनिटं बोलायचं. त्या दिवशी सभागृहातले पंखे बंद होते. निम्मी मुलं आदल्या दिवशीच विमानातून उतरलेली, डोळे उघडे ठेवून झोपलेली. तिसाव्या स्लाइडवर प्रोजेक्टरचा दिवा फट्‌ करून गेला. मामांनी तंत्रज्ञाला फोन केला. तो म्हणाला, तासाभरानं येतो. मामांनी पोरांकडे पाहिलं, त्यांची त्यांना दया आली, आणि ते म्हणाले, ‘राहू द्या. उरलेलं सोपं आहे. हळूहळू कळेलच.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ‘संपूर्ण माहिती मिळाली’ या कागदावर एकशे चाळीस सह्या झाल्या आणि खाली मामांची.

उरलेल्या बारा स्लाइडमध्ये काय होतं? विद्यापीठानं प्रत्येकाला दिलेली मेलपेटी कशी उघडायची ते होतं. आणि प्राध्यापकांनी दिलेले स्वाध्याय संगणकावर कुठे आणि कसे चढवायचे ते होतं.

एकशे एकोणचाळीस मुलांना ते हळूहळू कळलं. पोरं जेवताना बोलतात, कॉरिडॉरमध्ये बोलतात, एकमेकांच्या फोनमध्ये डोकावतात. दुसरा आठवडा उजाडेपर्यंत सगळे तरबेज झाले. राहिली ती पहिली. ती कुणाला विचारायला गेली नाही, कारण तिच्या शाळेत विचारणं म्हणजे लक्ष दिलं नव्हतं याची कबुली होती. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, म्हणतात ना, तसली गत.

पहिल्या सत्रात आठ आठवड्यांत एकही स्वाध्याय न देणाऱ्याची नोंदणी आपोआप रद्द होते, असा नियम होता. रद्द झाली की संगणक स्वतःच परवाना कचेरीला कळवतो, आणि देशात राहायचा परवाना पंधरा दिवसांत संपतो. शिकायला म्हणून येऊन भलतंच काही करणारे लोक सापडावेत यासाठी तो नियम केला होता. पूर्वी चौथ्या आठवड्यात एक इशाऱ्याची यादी मामांकडे यायची. मामा त्या मुलांना बोलावून कान पिळायचे आणि काम व्हायचं. त्या वर्षीपासून सुधारणा झाली. इशारा थेट मुलांच्या मेलपेटीत जाऊ लागला, मधला माणूस नको म्हणून.

नवव्या आठवड्याच्या गुरुवारी मामांच्या टेबलावर शेवटची यादी आली. पाच नावं. चार नावं मामांना पाठ होती. ते चौघे सोमवारीसुद्धा डोळे चोळत सही करायला यायचे. पाचवं नाव वाचून मामा हसले. संगणक चुकला म्हणाले. सही न चुकवणारी पोरगी स्वाध्याय चुकवेल कशी? त्यांनी तिला बोलावून घेतलं.

ती आली, दारात थांबली, ये म्हटल्यावर आत आली.

‘अगं, तू एकही स्वाध्याय दिला नाहीस म्हणे,’ मामा म्हणाले. ‘काहीतरी घोळ आहे बघ. कधी दिलेस ते सांग, मी आत्ता फोन लावतो.’

‘मी सर्व पूर्ण केले आहेत, सर.’

‘केलेस ते झालं. दिलेस कधी?’

तिनं पिशवी उघडली. चार विषयांच्या चार वह्या काढून टेबलावर ठेवल्या. तपकिरी कागदाची कव्हरं, कोपऱ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि विषय, आत चौदा स्वाध्याय, समास आखलेला, तारखा घातलेल्या.

‘प्रत्येक शुक्रवारी मी वह्या बाकाच्या डाव्या बाजूला ठेवते,’ ती म्हणाली. ‘तास संपेपर्यंत ठेवते. अजून कोणी गोळा केल्या नाहीत.’

मामांना काही क्षण कळेचना. मग तिनं नीट समजावून सांगितलं, जणू मामाच नवीन होते. तिच्या शाळेत शुक्रवारी वर्गप्रमुख उठायचा आणि प्रत्येक बाकाच्या डाव्या बाजूच्या वह्या उचलून शिक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. आपण होऊन वही पुढे नेऊन देणं उद्धटपणाचं. ते म्हणजे आधी माझी बघा म्हणण्यासारखं. इथे आठ आठवडे कुणी उठलं नाही, तेव्हा तिला वाटलं, विद्यापीठ मोठं आहे, इथे सत्र संपल्यावर सगळ्या एकदम गोळा करत असतील. म्हणून ती वाट बघत होती आणि अक्षर सांभाळत होती.

‘आणि मेल? तुला मेल आले असतील चार-पाच!’

‘कोणते मेल, सर?’

 बेचाळिसातून तीस गेले की बारा उरतात, हे गणित मामांनी त्या दिवसापासून आजवर एकदाही केलं नव्हतं. ते त्यांनी आता केलं.

त्यांनी तिला पाणी दिलं, ‘तू काळजी करू नकोस, मी बघतो’ म्हणाले, आणि वह्या काखोटीला मारून निघाले. ‘मी बघतो’ हे मामांचं नेहमीचं वाक्य. जिन्याखालच्या खोलीतल्या नऊ वर्षांत त्या वाक्यावर त्यांनी खोल्या, चादरी, चुकलेल्या बॅगा आणि एकदा तर हरवलेला मुलगाही परत मिळवून दिला होता. पण सरड्याची धाव कुंपणापर्यंत. कुंपणापलीकडे काय असतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षा विभागाच्या बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगतो. वाईट असत्या तर मामांना निदान भांडता तरी आलं असतं. त्यांनी चारही वह्या उघडून पाहिल्या, ‘काय सुंदर अक्षर आहे’ म्हणाल्या, आणि संगणकाचा पडदा मामांकडे वळवला. परवाना कचेरीला कागद बुधवारी संध्याकाळी पाच वाजता गेला होता.

‘परत मागवा ना बाई. चुकून गेला म्हणा.’

‘मी पाठवलेला नाही हो, मागवू कसा? तो आपोआप जातो. मागे घ्यायचं बटणच नाही त्यात.’

‘मग बटण कुणाकडे आहे?’

बाईंनी खरोखरच विचार केला. ‘कुणाकडेच नाही बहुतेक,’ त्या म्हणाल्या.

चार विषयांचे चार प्राध्यापक. तिघांनी कानावर हात ठेवले. वर्गात दोनशे मुलं, कोण कुठे बसतं ते आम्हाला काय ठाऊक, म्हणाले. गणिताचे प्राध्यापक मात्र वहीचं कव्हर बघत राहिले. ‘पहिल्या बाकावर एक मुलगी वही ठेवून बसायची,’ ते म्हणाले. ‘दर शुक्रवारी. मला वाटलं, तिची सवय असेल.’ हात लांब केला असता तर पोचली असती, इतक्या अंतरावर ती वही आठ शुक्रवार होती. त्यांनी आपल्या विषयाची वही ठेवून घेतली. सोमवारी परत दिली तेव्हा गणिताचे सगळे स्वाध्याय लाल शाईनं तपासलेले होते. जवळजवळ सगळीकडे पैकीच्या पैकी. ते गुण कुठल्याही यादीत जाणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मामांनाही.

मामांनी वह्या तिला परत केल्या तेव्हा ती एकेक पान उलटत गेली. सहाव्या स्वाध्यायाशी थांबली.

‘सर, इथे अर्धा गुण का कापला आहे?’

मामांना हसावं की रडावं कळेना. ‘विचारतो,’ ते म्हणाले, आणि खरंच जाऊन विचारून आले. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, पेन्सिलीनं बाजूला दुरुस्ती केली.

घरी मामी दाताच्या डॉक्टरांकडे नोंदी ठेवायचं काम करायची. तिला आठवडाभर नवऱ्याचं लक्ष नाही हे दिसत होतंच. मामांनी एकदाचं सगळं सांगितलं, प्रोजेक्टरच्या दिव्यापासून अर्ध्या गुणापर्यंत.

‘पण मी दर सोमवारी विचारत होतो गं,’ मामा म्हणाले. ‘काही अडचण आहे का म्हणून. ती नाही म्हणायची.’

‘अहो, आमच्याकडे आलेल्याला दुखतंय का विचारलं तर तोही नाहीच म्हणतो,’ मामी म्हणाली. ‘खुर्चीत बसलेला असतो, गाल सुजलेला असतो, तरी नाही म्हणतो. म्हणून आमचे डॉक्टर विचारतच नाहीत. दाबून बघतात.’

 खरं म्हणजे तिनं एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मामी थांबणाऱ्यांतली नव्हती. ‘एकदा म्हणायचं होतं, दाखव बघू तुझी वही. झालं असतं,’ ती म्हणाली, आणि मग नवऱ्याचं तोंड बघून उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, ‘लिहून द्या. चूक तुमची आहे असं लिहून द्या. नियमावलीत काहीतरी असेलच.’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मामांनी खुर्चीच्या पायाखालून नियमावली काढली. होतं. ‘विद्यापीठाकडून आवश्यक माहिती न मिळाल्यामुळे कसूर झाल्यास समितीस सूट देता येईल.’ मामांना इतका आनंद झाला की ते वाक्य त्यांनी चारदा वाचलं. त्यांनी स्वच्छ कागदावर लिहून काढलं: त्या दिवशी बारा स्लाइड दाखवल्या नाहीत, तरीही संपूर्ण माहिती दिली अशी सही मी केली, ती सही खोटी आहे, मुलीचा दोष नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तरी पत्र त्यांनी स्वतः नेऊन दिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि खवखवत होतंच. पण त्यांना ते लपवायचं नव्हतं, त्यांना ती पोरगी वाचवायची होती.

समिती पाच माणसांची. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अध्यक्षांनी पत्र वाचलं आणि फायलीतून एक कागद काढून मामांपुढे सरकवला. ‘संपूर्ण माहिती मिळाली’ या ओळीखाली पहिलीची सही होती, सुवाच्य, नाव पूर्ण लिहून.

‘ही त्या विद्यार्थिनीचीच सही ना?’

‘हो, पण ती मीच घेतली, साहेब. माहिती पूर्ण न देता घेतली.’

‘तुम्ही सांगताय ते खरं मानलं तर एकशे चाळीस सह्या खोट्या ठरतात. मग ज्यांनी मुद्दाम दांड्या मारल्या ते चौघेही उद्या येऊन बसतील आमच्यापुढे. त्यांना काय सांगायचं?’

‘त्यांना जे सांगायचं ते सांगा. पण हिनं चौदा स्वाध्याय लिहिलेत, साहेब. हे बघा.’

तिच्याकडून पुन्हा मागून आणलेल्या वह्या टेबलावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरल्या. सगळ्यांनी पाहिल्या. एक बाई म्हणाल्या, ‘अरेरे.’ मग वह्या परत मामांकडे आल्या. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले की समितीला सहानुभूती आहे, पण समजा समितीनं सूट दिली तरी परवाना कचेरी ती मानायला बांधील नाही, परवाना एकदा संपला की संपला, आणि तिनं मायदेशी जाऊन पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा हेच तिच्या हिताचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरांना नि संन्याशाला एकाच दोरीनं, आणि दोरी ओढणारं कुणीच नाही.

पत्राचा परिणाम अजिबात झाला नाही असं नाही. मामांना लेखी ताकीद मिळाली. ती दोन दिवसांत आली.

मामा परवाना कचेरीत गेले. तिथे काचेपलीकडच्या तरुणानं सांगितलं की विद्यापीठाचं पत्र आणा. विद्यापीठानं सांगितलं की परवाना कचेरीनं विचारलं तर आम्ही पत्र देऊ. मामा तीनदा इकडून तिकडे गेले. तिसऱ्यांदा त्या तरुणानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी विचारलं. नऊ वर्षं हेच आपण मुलांसाठी करत आलो, खुर्ची आणि पाणी, असं मामांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच चीड आली.

‘पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर,’ त्यांनी पहिलीला सांगितलं. ‘मी इथेच आहे. सगळे फॉर्म मी भरून ठेवतो.’

‘आमच्याकडे परत आलेल्याला पुन्हा पाठवत नाहीत, सर,’ ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

त्या पंधरा दिवसांत तिनं एकही तास चुकवला नाही. नोंदणी रद्द झाल्यावर वर्गात बसायची परवानगी नव्हती, पण तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मामांनीही सांगितलं नाही. एवढी एकच गोष्ट त्यांना करता आली.

जायच्या दिवशी सकाळी ती किल्ली द्यायला आली. बॅग दारात ठेवली. टॅक्सी यायला दहा मिनिटं होती. मामांनी किल्लीची पावती लिहिली, ती नीट घडी करून तिनं पाकिटात ठेवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर तिचे वडील दिसले, बारीक चणीचे, इस्त्रीचा सदरा घातलेले. ती दोन शब्द बोलून फोन ठेवू लागली, तेव्हा मामा उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

‘थांब. मला बोलायचंय त्यांच्याशी.’

‘त्यांना इथली भाषा येत नाही, सर.’

‘तुला येते ना? मी बोलतो, तू त्यांच्या भाषेत सांग.’

तिनं फोन टेबलावर उभा केला. मामांनी हे बोलणं आठवडाभर मनात घोळवलं होतं. ते सावकाश, पडद्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलले. ‘चूक तुमच्या मुलीची नाही. जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. ती रोज वर्गाला गेली, सगळा अभ्यास केला, तिच्यासारखी मुलगी मी नऊ वर्षांत पाहिली नाही. चूक माझी आहे. मला माफ करा. सांग त्यांना, जसंच्या तसं सांग.’

ती बोलू लागली. आवाज एका पट्टीत, खाली बघत. वडील ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ घट्ट मिटले, आणि मग ते बोलू लागले. बोट उगारून बोलत होते. बोट मामांकडे नव्हतं. ती मान खाली घालून उभी होती आणि अधूनमधून एकच शब्द उच्चारत होती. तो ‘हो’ असणार हे कळायला भाषा लागत नव्हती.

‘अगं, ते तुला का रागावतायत?’ मामा म्हणाले. ‘मी म्हणालो ते सांगितलंस ना?’

‘सांगितलं, सर.’

वडील थांबले. त्यांनी मामांकडे पाहिलं, चेहरा निवळला, छातीवर हात ठेवून ते हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

‘काय म्हणतायत?’

‘ते म्हणतात, तुमचे फार उपकार आहेत. एवढ्या मोठ्या ठिकाणी तुम्ही माझ्या मुलीकडे लक्ष दिलं.’

‘नाही हो! नाही!’ मामा ओरडलेच. दोन्ही हात हलवले, मान हलवली, ‘मी नाही दिलं लक्ष, तेच तर सांगतोय!’ वडिलांना तो विनय वाटला असावा. त्यांनी आणखी खाली वाकून नमस्कार केला. तिनं फोन उचलला, वडिलांशी दोन शब्द बोलली आणि बंद केला.

‘का गं केलंस असं? चूक स्वतःवर का घेतलीस?’ मामा म्हणाले. ‘आयुष्यभर तुला बोल लावतील ते. खरं काय ते कळू दे ना त्यांना. पुन्हा लाव फोन.’

‘माझी धाकटी बहीण शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे,’ ती म्हणाली. ‘चूक माझी असेल, तर बाबा माझ्यावर रागावतील. चूक इथली असेल, तर ते तिला कुठेच पाठवणार नाहीत.’

 बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा फोन लाव म्हणण्याची सोयही तिनं ठेवली नव्हती, आणि ती दारातल्या बॅगेशी थांबली होती, त्यांनी काही बोलावं म्हणून.

‘जा बाळा,’ मामा म्हणाले. ‘विमान चुकेल.’